प्रयोगशाळेतील साडेचार तास म्हणजे चंद्रावरील चारशे वर्षे, असे म्हणता येईल का?

कृष्णपाषाण (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी वातावरण नसलेल्या पिंडांच्या पृष्ठभागावर सौरवाऱ्याचा (सूर्यातून सतत वाहणाऱ्या प्रभारित कणांचा) काय परिणाम होतो, हा विषय घेतला आहे. ऑलिव्हिन आणि दख्खनचा बेसाल्ट यांची बारीक पूड दाबून पेलेट करायची, तिच्यावर ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या हेलियम आयनांचा मारा करायचा आणि माऱ्याआधीचा व नंतरचा परावर्तन-वर्णपट ताडून पाहायचा, अशी आखणी आहे. चंद्राची माती आणि ‘एस’ प्रकारचे (सिलिकेटयुक्त) लघुग्रह अवकाशीय विदारणामुळे, म्हणजे सौरवारा आणि सूक्ष्म उल्का यांच्या माऱ्यामुळे, काळवंडत जातात, त्यांचा वर्णपट तांबड्या बाजूला चढा होतो आणि लोहयुक्त खनिजांचा १ मायक्रोमीटरजवळचा शोषणपट्टा उथळ होतो, हे येथे बहुतेकांना माहीत असेलच. यातले किती प्रयोगशाळेत घडवून आणता येते, ते मला पाहायचे आहे.

अडचण मात्रेच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एकूण किती आयन पडले याच्या, हिशेबाची आहे. पृथ्वीच्या कक्षेजवळ सौरवाऱ्यात दर घन सेंटिमीटरला साधारण ५ प्रोटॉन असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला २×१०^८ प्रोटॉन येऊन पडतात. हेलियमचे प्रमाण ४ टक्के धरले, तर हेलियमचे ८×१०^६ आयन होतात. प्रयोगशाळेत मात्र चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपियर एवढा माफक बीम मिळाला, तरी दर सेकंदाला ६×१०^१२ आयन पडतात. म्हणजे १०^१७ आयन प्रति चौरस सेंटिमीटर ही मात्रा गाठायला अवकाशात सुमारे ४०० वर्षे लागतील आणि प्रयोगशाळेत साडेचार तास पुरतील. दोन दरांमधला हा फरक जवळजवळ आठ लाख पटींचा आहे.

‘ही मात्रा एक खगोलीय एककावरील (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतरावरील) अमुक इतक्या वर्षांच्या बरोबरीची आहे’ असे वाक्य शोधनिबंधांत सर्रास आढळते आणि माझ्या मार्गदर्शकांनाही ते प्रबंधात हवे आहे. मला ते लिहायचा धीर होत नाही. एकूण संख्या जुळली म्हणजे परिणामही जुळला, असे गृहीत धरायला भौतिकशास्त्रात काही आधार आहे का? शिवाय मुंबईचा पेलेट्रॉन हा कण-त्वरक आमच्या महाविद्यालयापासून जवळ आहे, तेव्हा कमी ऊर्जेचा स्रोत शोधत फिरण्यापेक्षा तिथली उच्च ऊर्जेची शलाका का वापरू नये, असेही मला काहींनी सुचवले आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बीमलाइन

आपला हिशेब बरोबर आहे. तरीही ‘४०० वर्षे’ हा आकडा लंगडा आहे. त्याच्या लंगडेपणाची कारणे सारख्या वजनाची नाहीत, म्हणून ती वेगवेगळी करून पाहणे बरे.

सर्वांत किरकोळ कारण भूमितीचे आहे. आपण सौरवारा पृष्ठभागावर सतत आणि लंबरूप पडतो असे धरले आहे. स्वतःभोवती फिरणाऱ्या गोल पिंडाचा सरासरी हिशेब केला तर दर एक चतुर्थांशावर येतो, कारण वारा अडवणारे क्षेत्र हे वर्तुळाचे असते आणि तो वाटला जातो संपूर्ण गोलावर. म्हणजे आपली ४०० वर्षे इथेच १६०० झाली. त्यातही चंद्र दर पौर्णिमेच्या आसपास काही दिवस पृथ्वीच्या चुंबकीय शेपटातून जातो आणि तेवढा काळ त्याला नेहमीचा सौरवारा लागतच नाही. यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की सूक्ष्म उल्कांच्या आघातांनी माती सतत वरखाली होत असते. एखादा कण काही काळ उघड्यावर पडतो, मग गाडला जातो, मग पुन्हा वर येतो. त्यामुळे आपला आकडा ‘कण निव्वळ उघडा राहिल्याचा काळ’ एवढाच अर्थ सांगू शकतो. पृष्ठभागाचे वय त्यातून निघत नाही. निबंधांतली बहुतेक वाक्ये हा भेद गाळून टाकतात, आणि वाचणारा त्या आकड्याला वय समजून बसतो.

आता दराविषयी. आठ लाख पट ऐकून छाती दडपते, पण भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे एका छोट्या हिशेबातून स्पष्ट होते. पृष्ठभागावरचा १० नॅनोमीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक ठिपका कल्पनेत घ्या. त्याचे क्षेत्रफळ १०^-१२ चौरस सेंटिमीटर आहे. आपल्या बीमखाली या ठिपक्यावर दर सेकंदाला सुमारे सहा आयन आदळतील, म्हणजे दोन आघातांमध्ये जेमतेम सेकंदाचा सहावा हिस्सा जाईल. चंद्रावर त्याच ठिपक्यावर हेलियमचे दोन आयन एकापाठोपाठ पडायला साधारण ३५ तास लागतील. एका आयनाने सुरू केलेली अणूंच्या टकरींची साखळी मात्र काही पिकोसेकंदांतच संपते. म्हणून प्रयोगशाळेतही दोन साखळ्या एकमेकींवर चढत नाहीत. प्रत्येक आयन आपले काम एकट्यानेच करतो, जसे तो अवकाशात करतो. अणू जागेवरून उडणे, बंध तुटणे, पृष्ठभागावरचे अणू स्पटरिंगने बाहेर फेकले जाणे आणि या सगळ्यांतून हळूहळू स्फटिकाची रचना मोडणे, या गोष्टींसाठी एकूण मात्रा जुळवणे बऱ्याच अंशी रास्त आहे. ऑलिव्हिनवर ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे हेलियम टाकून त्याचा वरचा थर अस्फटिकी करता येतो, हे २००१ च्या सुमारास आंतरतारकीय धुळीच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि त्यांच्या मात्रा आपल्या मात्रेच्या आसपासच्याच होत्या.

खरी अडचण आहे ती दोन आघातांच्या मधल्या शांततेची. त्या ३५ तासांत पदार्थ स्वस्थ बसलेला नसतो. चंद्राच्या विषुववृत्ताजवळ भर दुपारी जमीन १२० अंश सेल्सिअसच्या घरात तापते आणि रात्री उणे १७० अंशांच्याही खाली जाते. तापलेल्या अवस्थेत हायड्रोजन बाहेर झिरपतो, हेलियम जागा बदलतो, काही दोष आपोआप भरून येतात, लोहाचे अणू सरकून एकत्र जमतात. प्रयोगशाळेत या मंद प्रक्रियांना सेकंदाचा सहावा हिस्सा मिळतो आणि नमुना बहुधा खोलीच्या तापमानाला असतो. त्यामुळे जो परिणाम केवळ टकरींवर अवलंबून आहे तो विश्वासार्ह, आणि जो झिरपण्यावर, साचण्यावर किंवा भरून येण्यावर अवलंबून आहे तो संशयास्पद, अशी विभागणी मी करतो. हेलियमचे बुडबुडे आणि हायड्रोजनचा साठा दुसऱ्या गटात येतात. ‘समतुल्य वर्षे’ लिहायचीच असतील, तर ती कोणत्या परिणामासाठी समतुल्य आहेत, हे त्याच वाक्यात लिहा. मार्गदर्शकांचाही त्याला विरोध असण्याचे कारण नाही.

हे सगळे मान्य केले तरी मुळात आपल्या नमुन्यावर १०^१७ आयन पडले की नाही, हा प्रश्न उरतोच. नमुन्याला जोडलेल्या तारेतून विद्युतप्रवाह मोजून मात्रा काढणे सोपे वाटते, पण आयन आदळला की पृष्ठभागावरून दुय्यम इलेक्ट्रॉन निसटतात आणि मापकाला तो जादा धन प्रवाह म्हणून दिसतो. मात्रा प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते. त्यात सिलिकेट हा विद्युतरोधक. तो प्रभारित होऊन बसला की येणाऱ्या आयनांची दिशा आणि ऊर्जा दोन्ही बिघडतात. म्हणून प्रवाह फॅरेडे कपाने (आयन पकडून त्यांचा प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या पेल्याने) मोजा, कपाच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन परतवणारे ऋण विभव असल्याची खात्री करा आणि नमुन्यावर कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा फवारा सोडायची सोय असेल तर ती अवश्य वापरा. सुटी पूड वापरायचा मोह टाळा. पूड प्रभारित झाली की कण एकमेकांना ढकलून उडतात, आणि आडव्या बीमलाइनमध्ये तर ती उभीच राहणार नाही. पेलेटचा पृष्ठभाग मातीइतका मोकळा नसतो, हे खरे आहे. ती तडजोड मजकुरात नोंदवावी.

पेलेट्रॉनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला बऱ्याच विद्यार्थ्यांना मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा तो त्वरक अणुकेंद्रकांच्या अभ्यासासाठी उभारलेला आहे आणि त्यातून जड आयन कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेने बाहेर पडतात. असा आयन सिलिकेटमध्ये दहा-पंधरा मायक्रोमीटर खोल जातो आणि वाटेत आपली ऊर्जा प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांना देतो. सौरवाऱ्यातला हेलियम मात्र काही दशक नॅनोमीटरांतच थांबतो आणि त्याच्या ऊर्जेचा लक्षणीय भाग सरळ अणूंना धक्के देण्यात खर्च होतो. दोन्हींना आपण आयनांचा मारा म्हणतो, पण पदार्थाला होणारी इजा वेगळ्या जातीची असते. जड उच्च-ऊर्जा आयनांशी मिळतीजुळती गोष्ट अवकाशात शोधायची तर ती वैश्विक किरणांतल्या लोहासारख्या केंद्रकांत सापडेल, जी खनिजांत लांब सरळ रेषा कोरून जातात. आम्लाने किंवा अल्कलीने खोदल्यावर या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. उल्कापाषाणांतील आणि पुढे चंद्रावरील नमुन्यांतील अशा रेषांवर देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत टाटा संस्थेतच पायाभूत काम केले होते. तो विषय सुंदर आहे, पण तुमचा प्रश्न तो नाही.

उच्च ऊर्जेचा आणखी एक तोटा उष्णतेचा आहे. ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला चौरस सेंटिमीटरमागे १ मायक्रोअँपियर म्हणजे ४ मिलिवॉट. त्याने नमुना तापत नाही. तोच प्रवाह १ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला घेतला तर चौरस सेंटिमीटरला १ वॉट होतो, म्हणजे अवकाशातल्या सूर्यप्रकाशाच्या सातपट. निर्वातात दाबलेल्या पुडीतून ही उष्णता वाहून जायला फारशी वाट नसते. मग दिसलेला बदल आयनांचा की भाजण्याचा, हे कोण सांगणार?

किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यातला स्रोत मिळत नसेल तर दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राच्या कमी ऊर्जेच्या सुविधेसाठी अर्ज करता येतो. तिथली ऊर्जा सौरवाऱ्यापेक्षा जास्त असली, तरी अणूंना बसणाऱ्या धक्क्यांचा हिशेब करून तुलना करता येते. युरोपातील गटांनी आर्गॉनसारखे जड आयन काहीशे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला वापरून असेच केले आहे. सिसिलीतील कातानिया येथील प्रयोगशाळेच्या कामातून तर असे दिसले, की ऑलिव्हिनसारख्या सिलिकेटांचा वर्णपट तांबड्या बाजूला चढणे हे अणूंना बसलेल्या धक्क्यांच्या संख्येशी जुळते. इलेक्ट्रॉनांना दिलेल्या ऊर्जेशी ते तितके जुळत नाही.

वर्णपटवाला

बीमलाइन यांनी आयनांची बाजू मांडली आहे. मी नमुन्याच्या आणि वर्णपटाच्या बाजूने काही भर घालतो, कारण माझ्या अनुभवात अशा प्रयोगांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

पेलेट काळवंडली म्हणजे अवकाशीय विदारण साधले, असे समजू नका. निर्वात कक्षात पंपांच्या तेलाची वाफ, रबरी कड्यांतून सुटणारे पदार्थ आणि हातमोज्यांचे अंश असतातच. हे हायड्रोकार्बन नमुन्यावर बसतात, आयनांच्या माऱ्याने त्यांचे बंध तुटतात आणि कार्बनचा तपकिरी पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा नमुना गडद करतो, वर्णपट तांबड्याकडे चढवतो आणि शोषणपट्टा उथळ करतो. म्हणजे आपण जी तीन लक्षणे शोधत आहात, ती तिन्ही घाणीतूनही मिळतात! १०^-६ मिलिबारला कक्षातल्या उरलेल्या वायूचा एक थर बसायला काही सेकंद पुरतात. १०^-९ मिलिबारला त्याला तासाच्या आसपास लागतो. साडेचार तासांच्या माऱ्यासाठी कोणता निर्वात हवा, हे यावरून ठरवावे.

यावर माझा उपाय असा असतो: पेलेटच्या अर्ध्या भागावर धातूची पातळ पट्टी बसवायची. झाकलेला भाग त्याच कक्षात, त्याच निर्वातात, तितकाच वेळ राहतो, मात्र त्यावर आयन पडत नाहीत. पट्टी काढल्यावर मध्ये सरळ धारेची सीमा दिसली पाहिजे आणि दोन्ही भागांचे वर्णपट एकाच बैठकीत घेतले पाहिजेत. याने निव्वळ निर्वातात राहिल्यामुळे झालेला बदल वेगळा काढता येतो. माऱ्याने भाजलेला कार्बन मात्र यातून सुटत नाही. त्यासाठी शेजारी सोन्याचा किंवा सिलिकॉनचा स्वच्छ तुकडा ठेवून त्यावर पापुद्रा चढतो का, ते पाहावे लागते.

दुसरी बाब हवेची. तांबडेपणा आणि गडदपणा यांचे मोठे श्रेय काही नॅनोमीटर आकाराच्या धातुरूप लोहकणांना जाते. आयनांच्या माऱ्याने ऑलिव्हिनमधला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे धातुरूप लोह उरते, हे व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्रयोगांत नमुना निर्वाताबाहेर न काढताच पृष्ठभागाचे रासायनिक मापन करून दाखवले गेले. इतके सूक्ष्म लोह हवेत आले की त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊ लागते. त्यामुळे कक्षातच वर्णपट घेण्याची सोय नसेल, तर नमुना बाहेर काढल्यापासून वर्णपट घेईपर्यंत गेलेला वेळ प्रत्येक नमुन्याला सारखा ठेवा आणि तो लिहून ठेवा.

बेसाल्टविषयी जरा सबुरीने घ्यावे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज असल्याने तो चंद्रावरील काळ्या मैदानांच्या खडकाशी नाते सांगतो, आणि लोणारचे विवर बेसाल्टातच असल्याने ग्रहशास्त्रज्ञ तिकडे वळतात, हे खरेच आहे. पण आपला खडक पाण्याच्या आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात वाढलेला आहे. त्यातले बरेच लोह त्रिसंयुजी अवस्थेत असते आणि पोकळ्यांत झिओलाइट व मातीची खनिजे भरलेली असतात. झिओलाइटमधले पाणी निर्वातात निघून जाते, वर्णपटातले १.४ आणि १.९ मायक्रोमीटरचे पट्टे बदलतात आणि विद्यार्थी ते श्रेय आयनांना देऊन मोकळा होतो. पांढरे ठिपके नसलेला घट्ट काळा भाग निवडून घ्या, भिंगाखाली पाहून घ्या, आणि तरीही मुख्य निष्कर्ष ऑलिव्हिनवरच काढा. अॅरिझोनातील सॅन कार्लोसचे ऑलिव्हिन या क्षेत्रात जवळजवळ प्रमाण नमुना म्हणून वापरले जाते. ते मिळाले तर आपले निकाल थेट इतरांशी ताडता येतील.

तुलनेसाठी खरा नमुना हवा असेल तर तोही उपलब्ध आहे. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इतोकावा या लघुग्रहावरचे कण पृथ्वीवर आणले आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडांवर धातुरूप लोहाचे नॅनोकण असलेले, काही दशक नॅनोमीटर जाडीचे थर सापडले. आपण प्रयोगशाळेत बनवलेला थर जाडीने, रचनेने आणि लोहकणांच्या आकाराने या कडांसारखा आहे का, हा प्रश्न वर्षांच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक नेमका आहे आणि त्याचे उत्तर मोजून देता येते. माझे मत विचाराल तर प्रबंधात हीच तुलना पुढे ठेवा आणि वर्षांचा आकडा तळटिपेत टाका.

मात्र सगळेच पदार्थ तांबडे होतात, हे गृहीत धरू नका. कार्बनयुक्त उल्कापाषाणांवरच्या प्रयोगांत तुलनेने उजळ प्रकारचे, उदाहरणार्थ अयेंदेसारखे, नमुने गडद आणि तांबडे झाले, तर आधीच काळे असलेले काही प्रकार उलट किंचित उजळले आणि निळ्याकडे झुकले. म्हणजे परिणामाची दिशासुद्धा मूळ पदार्थावर अवलंबून असते.

कृष्णपाषाण

दोघांचेही मनापासून आभार. १० नॅनोमीटरच्या ठिपक्याचा हिशेब मार्गदर्शकांना दाखवला आणि ‘समतुल्य वर्षे’ या शब्दांसोबत परिणामाचे नाव घालायला त्यांनी लगेच संमती दिली. पेलेट्रॉनचा विचार सोडला आहे.

त्यातून दोन प्रश्न पुढे आले. पहिला असा, की सौरवाऱ्यात ९५ टक्क्यांहून अधिक प्रोटॉन असताना आपण हेलियमच का वापरतो? सोय म्हणून, की त्यामागे काही कारण आहे? दुसरा प्रश्न मार्गदर्शकांचा आहे. चांद्रयान-१ वरील उपकरणाने २००९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या खुणा दाखवल्या आणि त्याचे एक स्पष्टीकरण सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनांनी खनिजांतल्या ऑक्सिजनशी जुळून तयार केलेले हायड्रॉक्सिल असे दिले जाते. त्याच नमुन्यांवर प्रोटॉनांचा मारा करून ३ मायक्रोमीटरजवळचा पट्टा पाहिला तर एका प्रयोगात दोन गोष्टी साधतील, असे त्यांना वाटते. हे कितपत शक्य आहे?

उपग्रहसाहित्य

मी ग्रहशास्त्राचा अभ्यासक नाही. उपग्रहांच्या बाह्य आवरणांच्या आणि सौरघटांच्या चाचण्यांशी माझा संबंध आहे. आमच्याकडेही हाच पेच वेगळ्या रूपात येतो, म्हणून लिहितो.

सौरघटांच्या बाबतीत मात्रा जुळवण्याची पद्धत बऱ्यापैकी यशस्वी ठरली आहे. कक्षेत घटाला वेगवेगळ्या ऊर्जांचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन लागतात. चाचणीत आपण एक-दोन ऊर्जा निवडतो आणि अर्धवाहकातले अणू जागेवरून हलवण्यात किती ऊर्जा खर्च झाली, या समान मापावर सगळ्यांना आणतो. आवरणकाचेखालच्या घटाचे नुकसान मुख्यतः एकाच यंत्रणेने होते, म्हणून हे जमते. बीमलाइन यांनी केलेली विभागणी मला म्हणूनच पटली.

उष्णतारोधक आवरणांच्या बाबतीत मात्र ही पद्धत चांगलीच तोंडघशी पडली. हबल दुर्बीण १९९० मध्ये सोडली गेली आणि १९९७ मध्ये दुसऱ्या दुरुस्ती मोहिमेतल्या अंतराळवीरांना तिच्या सूर्याकडच्या बाजूचे बाहेरचे टेफ्लॉनचे आवरण ठिकठिकाणी तडकलेले दिसले. तपासात असे निष्पन्न झाले, की प्रारणाने बहुवारिकाच्या साखळ्या तोडून आवरण ठिसूळ केले आणि दर प्रदक्षिणेला होणाऱ्या तापण्या-गारठण्याने ते फाटले. जमिनीवर केवळ प्रारणाची मात्रा पुरी केलेल्या नमुन्यांत तसे नुकसान दिसले नव्हते. ते घडवायला प्रारण आणि उष्णतेची आवर्तने एकत्र लागली. पृथ्वीलगतच्या कक्षेत आणखी एक भिडू असतो, तो म्हणजे अणुरूप ऑक्सिजन. उपग्रहाच्या वेगामुळे तो सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टने आदळतो आणि कॅप्टॉनसारखे पॉलिइमाइड प्लास्टिक अक्षरशः खाऊन टाकतो. ही ऊर्जा आयनांच्या त्वरकांच्या दृष्टीने नगण्य, पण आवरणाच्या दृष्टीने घातक असते.

आपल्या प्रयोगात याच्याशी समांतर असलेली गोष्ट म्हणजे सूक्ष्म उल्का. त्यांचा आघात सहसा नॅनोसेकंद लेसर-स्पंदांनी घडवतात आणि २००१ मध्ये जपानी गटाने त्या मार्गाने ऑलिव्हिनमध्ये लोहाचे नॅनोकण तयार करून दाखवले होते. आधी आयन आणि मग लेसर, की उलट, यानेही फरक पडत असावा असे मला आवरणांच्या अनुभवावरून वाटते. पदव्युत्तर प्रकल्पात हे बसणार नाही. पण सौरवारा हा एकटाच कर्ता आहे, असा सूर प्रबंधात येऊ देऊ नये.

बीमलाइन

हेलियम निवडण्यामागे सोय आहे आणि कारणही आहे. १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन हलका असल्याने ऑक्सिजन किंवा सिलिकॉनच्या अणूला फारसा धक्का देऊ शकत नाही. ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा हेलियम संख्येने कमी असला, तरी दर आयनामागे तो कितीतरी अधिक अणू हलवतो आणि बाहेर फेकतो. त्यामुळे स्फटिकरचना मोडण्याच्या कामात त्याचा वाटा ४ टक्क्यांपेक्षा बराच मोठा ठरतो. हा वाटा एसआरआयएम या नेहमीच्या संगणक-प्रणालीने स्वतः काढून पाहा, मात्र तिची गृहीतके लक्षात ठेवा: तिच्यासाठी पदार्थ मुळातच अस्फटिकी असतो, त्याला तापमान नसते आणि प्रत्येक नवा आयन कोऱ्या नमुन्यावर पडतो. तिने दिलेला खोलीचा अंदाज चांगला असतो. सिलिकेटमधल्या स्पटरिंगचा आकडा तितका भरवशाचा नसतो.

प्रोटॉनांचा मारा करायचाच असेल, तर हायड्रोजनचा रेण्वीय आयन २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला वापरा. तो पृष्ठभागावर आदळताच फुटतो आणि प्रत्येकी १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन प्रोटॉन मिळतात. अतिशय कमी ऊर्जेला स्थिर बीम मिळवण्याची कटकट त्याने निम्मी होते.

हायड्रॉक्सिलचा प्रयोग मात्र त्याच नमुन्यांवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर केलेल्या विभागणीत तो नेमका संशयास्पद गटात येतो. कण पडले किती यापेक्षा टिकले किती, हे तिथे महत्त्वाचे असते, आणि टिकणे तापमानावर व मधल्या वेळेवर अवलंबून असते. पडलेले सगळे प्रोटॉन आत राहतात, हेही खरे नाही. तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेचा सहभाग असलेल्या, चांद्रयान-१ वरीलच ‘सारा’ या उपकरणाला असे आढळले, की सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनांपैकी २० टक्क्यांपर्यंत प्रोटॉन चंद्राच्या मातीवरून उदासीन हायड्रोजन अणू होऊन अवकाशात परत जातात. त्याआधी हा परतावा नगण्य मानला जात असे.

त्याहून व्यावहारिक अडचण अशी, की आपल्या हवेत पूड केलेल्या कोणत्याही नमुन्यावर पाण्याचा थर आधीच बसलेला असतो आणि तो ३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात ठळक दिसतो. या विषयावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, यामागे हे एक मोठे कारण आहे. पुढे कधी हा प्रयोग कराल तेव्हा नमुना निर्वातात तापवून पाणी घालवा, कक्षाबाहेर न काढताच वर्णपट घ्या आणि प्रोटॉनऐवजी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वापरा. ड्युटेरियमच्या बंधाचा पट्टा ३.७ ते ३.८ मायक्रोमीटरच्या आसपास वेगळा उठतो, त्यामुळे तो खोलीतल्या दमटपणातून आला असे कोणालाही म्हणता येत नाही. तूर्तास हेलियम, ऑलिव्हिन, तीन वेगवेगळ्या मात्रा आणि प्रत्येक पेलेटवर झाकलेला अर्धा भाग एवढेच करा. बीमटाइमचा अर्ज करताना फॅरेडे कप आणि इलेक्ट्रॉन-फवारा या दोन्ही सोयी तिथे आहेत का, हे आधी विचारून घ्या. अर्ज मंजूर झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कृष्णपाषाण

मान्य. ड्युटेरियमचा भाग ‘पुढील काम’ या प्रकरणात टाकतो. सॅन कार्लोसचे ऑलिव्हिन भूशास्त्र विभागाकडे आहे का, याची चौकशी उद्याच करतो. झाकण्याची पट्टी टँटलमची घ्यावी की अॅल्युमिनियमची, याबाबत कोणाचा काही अनुभव असल्यास कळवावे.

वर्णपटवाला

या ऊर्जेला अॅल्युमिनियम पुरेसे आहे. फक्त पट्टीची कड बीमला तिरकी राहू देऊ नका, नाहीतर कडेवरून स्पटर झालेला अॅल्युमिनियम उघड्या भागाच्या काठावर बसतो. वर्णपट घेताना सीमेपासून दोन मिलिमीटर आतला भागच मोजा.